फोरमनचं माप

सिस्टरची गाडी तिसऱ्यांदा परत आली, तेव्हा मी एका कोटाला अस्तर लावत होते. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच मला आवाज ओळखू आला. खोकत, ठसकत, मध्येच दम खाऊन उचल घेत ती आली आणि आमच्या गॅरेजच्या दारात एक आचका देऊन बंद पडली. गॅरेज म्हणजे आमच्याच घराची पुढची बाजू. मध्ये एक दार. अलीकडे माझं शिवणाचं मशीन, पलीकडे ह्यांची हत्यारं, आणि एकमेकांची खटखट ऐकत केलेला तीस वर्षांचा संसार.

"फोरमन, पेशंट परत आणलाय," सिस्टर खिडकीतून मान काढून म्हणाल्या.

सिस्टर म्हणजे इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्स. ही गोल दिव्यांची निळी गाडी त्यांनी निवृत्तीच्या दिवशी विकत घेतली आणि नंतर चालवायला शिकल्या. गाडीचं वय त्यांच्याहून चारच वर्षांनी कमी. हे पूर्वी बसच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते, म्हणून सगळे त्यांना फोरमनच म्हणतात. राग आला की मीही म्हणते.

एरवी हे सिस्टरना एखादा टोला परत देतात. आज नुसतेच हसले, तेही ओठांपुरतं. त्यामागचं कारण मला माहीत होतं. सकाळी चहा पिताना त्यांनी सांगून टाकलं होतं, की ही गाडी पुन्हा आली तर आपला हात गेला असं समजायचं आणि शटर ओढून घ्यायचं. नुसतं बोलून थांबले नव्हते. गाडी परत येणारच असं धरून भाच्याला फोनही झाला होता: रविवारी टेम्पो घेऊन ये, हत्यारं सगळी तुला. मी म्हटलं, एका गाडीपायी एवढं? तर ही एकच गाडी नव्हती. बेकरीवाल्याची जुनी व्हॅन दोनदा परत आली होती. आणखीही दोघंतिघं कुरकुरत होते.

"मी हात लावतो आणि गाडी बिघडते," हे म्हणाले. "यापुढे कशाला लावायचा हात?"

ह्यांना दोन दिवस सुट्टी मिळाली तर माझ्या मशीनला इतकं तेल पाजतात की आठवडाभर कापडावर डाग पडतात. असा माणूस उरलेलं आयुष्य खुर्चीत बसून काय करणार? आणि मी ते कसं बघणार?

ह्यांनी बॉनेट उघडलं. एक प्लग काढला, वायरीला लावून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि सिस्टरना चावी फिरवायला सांगितली. ठिणगी पडली, पण पिवळी, मरगळलेली. चांगली ठिणगी निळी असते आणि टचकन आवाज करते, एवढं मलाही तीस वर्षांत कळायला लागलंय. हे पुटपुटले की कॉइल नवीन, कंडेन्सर नवीन, प्लग नवीन, वायरी नवीन. आता काय गाडीच नवीन घालू?

मग त्यांनी टॉर्च धरायला मला हाक मारली. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून त्यांनी आत बोट दाखवलं. तिथे दोन बारीक पॉइंट असतात. ते उघडमीट करतात आणि त्यावर ठिणगी पडते. ते उघडतात तेव्हाची फट नेमकी असावी लागते. दहाच दिवसांपूर्वी घातलेले पॉइंट काळे पडून जळले होते. ह्यांनी नवे बसवले आणि खिशातून ते कार्ड काढलं.

ह्या कार्डाची कथा सगळ्या गिऱ्हाइकांना पाठ आहे. गॅरेज उघडलं तेव्हा आम्ही ह्यांच्या नावाची कार्डं छापून घेतली होती. एका कार्डाची जाडी नेमकी फटीएवढी निघाली. ह्यांनी तेव्हा फट मोजायच्या गेजला लावून खात्री केली होती. तेव्हापासून फट लावायची ती त्या कार्डाने. गेज कशाला, म्हणायचे, आपलं नावच आपलं माप. छाती अशी फुगायची की शर्टाचं बटण मला पुन्हा लावावं लागायचं.

स्क्रू सैल करायला दोन्ही हात हवे होते, म्हणून त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं.

माझी बोटं कापडात मुरलेली. डोळे मिटून मी अस्तर कुठलं आणि वरचं कापड कुठलं ते सांगते. ते कार्ड चिमटीत धरलं आणि बोटांना काहीतरी खटकलं. तेल पिऊन, हजारदा फटीत घासून ते मलमलीसारखं झालं होतं. मी टॉर्च सिस्टरच्या हातात दिली, आलेच म्हटलं आणि आत गेले. माझ्या बटणांच्या डब्यात त्याच छपाईचं एक कार्ड होतं. पांढरा दोरा गुंडाळायला घेतलेलं, तीस वर्षांत कुणी हात न लावलेलं. दोरा सोडवला. दोन कार्डं दोन चिमटीत धरली. शंकाच उरली नाही, ह्यांचं कार्ड झिजून पातळ झालं होतं.

आता सांगायला हवं की मागे माझी मोजायची टेप अशीच ताणली गेली होती. अंगाचं माप मी टेपने घ्यायचे आणि कापडावर लाकडी पट्टीने आखायचे. आठवडाभर मला वाटत होतं, गिऱ्हाइकं बारीक झालीत. पाच सदरे घट्ट झाले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हे तेव्हा इतके हसले होते की खुर्चीवरून पडायचे राहिले. आज परतफेड करायची संधी आयती चालून आली होती, आणि मला हसू येत नव्हतं. एखाद्याचं माप चुकलंय, हे त्यालाच सांगणं फार वाईट.

मी दारातूनच त्यांना आत बोलावलं. "अहो, हात पुसा आणि ही दोन कार्डं धरून बघा."

त्यांनी धरली. अंगठ्याने हळूच चाचपली. मग एवढंच म्हणाले, "फट कमी लागत होती. म्हणून जळत होते पॉइंट."

"मग हात गेला नाही ना तुमचा? कार्ड गेलं. कपाटातलं गेज काढा की."

ते जागचे हलले नाहीत. गेज म्हणजे पोलादी पात्यांचा छोटा पंखा असतो. प्रत्येक पात्याची जाडी वेगळी, आणि तिचा आकडा त्यावर मुंगीएवढा कोरलेला.

"आकडे दिसत नाहीत मला," हे जमिनीकडे बघत म्हणाले. "चष्मा लावूनसुद्धा. पाच वर्षं झाली."

पाच वर्षं. एका घरात, एका दाराच्या अंतरावर. नावाच्या कौतुकामागे माणूस हे लपवत होता आणि मी बटणं लावत बसले होते. मला त्यांचा राग आला, त्याहून जास्त माझा आला आणि डोळे भरून आले.

"मला हाक मारायची होतीत," मी म्हटलं.

"गिऱ्हाइकांसमोर?"

मी कपाटातून गेज काढलं आणि पुढे झाले. हे मागून आले. गाडीपाशी आल्यावर त्यांनी सिस्टरकडे पाठ केली आणि अगदी दबक्या आवाजात मला म्हणाले, पंधराचं काढ. मी पातं शोधलं आणि त्यांच्या हातात सरकवलं. सिस्टर तेवढा वेळ समोरच्या भिंतीवरचं मांजर बघत होत्या. भिंतीवर मांजर नव्हतं. चाळीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला मान कधी वळवायची ते कळतं.

पातं फटीत जेमतेम अडेल असं बसलं. झाकण लावलं, चावी फिरली, आणि गाडी अशी चालू झाली की काही क्षण आम्हाला वाटलं, झालीच नाही. ना ठसका ना थरथर. सिस्टरनी टपावर थोपटलं आणि काय झालं होतं म्हणून विचारलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वर बघायला लागले.

"गाडी धडधाकट होती, सिस्टर," हे म्हणाले. "माझं माप झिजलं होतं. तीन फेऱ्या पडल्या तुम्हाला माझ्यामुळे."

सिस्टर म्हणाल्या की त्यांनी आयुष्यात पुष्कळ डॉक्टर बघितले, पण असं म्हणणारा पहिलाच. हॉर्न वाजवत त्या निघून गेल्या. ह्यांनी भाच्याला फोन लावला. रविवारी जेवायला ये म्हणाले, टेम्पो आणू नकोस. मला वाटलं, सुटलो. मी कोटाकडे वळले तर हे हत्यारांची पेटी स्कूटरला बांधत होते. त्या कार्डाने जिथे जिथे फट लावली, त्या सगळ्यांकडे जायला हवं, असं त्यांचं म्हणणं. अस्तरात टाचण्या तशाच ठेवून मी मागे बसले.

बेकरीसमोर पाचसहा माणसं पावासाठी उभी होती. बेकरीवाला बाहेर आला तो तक्रारीची वाक्यं जुळवतच. ह्यांनी त्याला बोलूच दिलं नाही. चूक माझी आहे, व्हॅन उघड, म्हणाले. मग झाकण काढून, जळलेले पॉइंट बदलून ते वाकले आणि मागे न बघता माझ्याकडे हात पसरला.

"बाईंना कशाला आणलंत सोबत?" बेकरीवाल्याने विचारलं.

"मला आकडे दिसत नाहीत," हे भर रस्त्यात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "ही वाचते."

मी पंधराचं पातं उघडून त्यांच्या तळहातावर ठेवलं.