घरजावयाचा कुत्रा

कोक-सूच्या हिवाळी वस्तीत सादिरला नावानं कुणी हाक मारत नसे. बायकोच्या माहेरी येऊन राहिलेला माणूस म्हणजे अर्धा पाहुणा, अर्धा गडी. लहानथोर सगळे त्याला ‘जावईबापू’ म्हणायचे आणि त्या शब्दात मान औषधालाही नसायचा. त्याचं स्वतःचं असं कुणी उरलं नव्हतं. डोंगरावरचा बर्फ सुटला त्यात आईबाप, घर आणि मेंढरं एकदमच गेली होती. बुरूलच्या बापानं त्याला ठेवून घेतलं, मुलगी दिली. म्हातारा गेला आणि कारभार बुरूलच्या थोरल्या भावाकडे, ताश्तानकडे आला. तेव्हापासून सादिरची जागा दस्तरखानाच्या, जेवणासाठी अंथरलेल्या कापडाच्या, पार खालच्या टोकाला, दाराशी, थंडी जिथून आत शिरते तिथं.

ताश्तान नावाजलेला शिकारी होता. बंदुकीचा नव्हे, कुत्र्यांचा. सरकारी सामूहिक शेती मोडली, काडतुसं मिळेनाशी झाली, तसे लांडगे माजले आणि म्हाताऱ्यांनी जपलेल्या तायगान जातीच्या शिकारी कुत्र्यांना पुन्हा सोन्याचे दिवस आले. ताश्तानची कुमुश ही त्या खोऱ्यातली पहिल्या नंबरची कुत्री. रंग चांदीसारखा, कंबर मुठीत मावेल अशी, कानांवर लांब केसांच्या झुली. लांडग्याच्या मानेला एकदा लागली की ताश्ताननं सांगितल्याशिवाय सोडायची नाही.

पिल्लं तयार करायची ताश्तानची रीत ठरलेली होती. कोल्हा जिवंत धरायचा, पकडीनं त्याचे सुळे मोडायचे आणि पिल्लांपुढे सोडून द्यायचा. कोल्ह्याला चावता येत नाही, पिल्लांची भीड चेपते. पकड ताश्तानच्या हातात असे आणि कोल्ह्याची मान सादिरच्या. पहिल्या वेळी सादिर गोठ्यामागं जाऊन ओकला होता. ताश्ताननं ती गोष्ट वस्तीभर चवीनं सांगितली. पुढच्या वेळी तो ओकला नाही. त्यानंतर तर कुणी सांगायच्या आधीच तो मान धरू लागला.

एका वसंतात कुमुश व्याली. शेवटचं पिल्लू मागच्या पायानं वाकडं निघालं. असली पिल्लं ताश्तान ओढ्याच्या बर्फात भोक पाडून त्यात सोडायचा. त्या दिवशी घरात पाहुणे होते. ताश्ताननं पिल्लाला मानगुटीला धरून आणलं आणि दाराशी बसलेल्या सादिरच्या मांडीत टाकलं.

“घ्या जावईबापू. तुम्हा दोघांना एकच वाटी पुरेल.”

पाहुणे हसले. बुरूलही हसली. सादिरला लागलं ते तिचं हसणं.

त्यानं ते पिल्लू कोटाच्या आत, पोटाशी धरून वाढवलं. आपल्या वाट्याची चरबी त्याला भरवली. रोज संध्याकाळी बिज्जू या बिळात राहणाऱ्या जनावराच्या चरबीनं त्याचा पाय चोळला. पाय पुरता सरळ झाला नाही, पण त्यात ताकद अशी भरली की कुत्रा धावू लागला म्हणजे त्या वाकडेपणाचाच त्याला रेटा मिळतोय असं वाटायचं. सादिरनं त्याचं नाव शमाल ठेवलं. शमाल म्हणजे वारा. वस्तीला हसायला आणखी एक निमित्त मिळालं.

हसणं पुढं आपोआप थांबलं. शमालनं आधी मारमोट, डोंगरातल्या गलेलठ्ठ घुशी, धरल्या, मग बिळातून बिज्जू ओढून काढला, तोही असा की कुत्रा बाहेर आला तेव्हा त्याचा एक कान बिज्जूच्या तोंडात होता आणि बिज्जूचा गळा त्याच्या. कोल्हे तर तो पळता पळता उचलायचा. दुसऱ्या हिवाळ्यात त्यानं एका रानबोकडाला कड्याच्या टोकाशी कोंडून धरलं. सादिर चढून वर पोचेपर्यंत ते जनावर खाली उडी मारायला कचरत उभंच होतं, आणि सादिरनं एका फटक्यात त्याचा गळा चिरला. त्या रात्री प्रथमच त्याच्या घरचं मांस वस्तीत वाटलं गेलं. लोक बोलू लागले की आईच्या वरताण निघाला.

हे ताश्तानच्या कानावर गेलंच. एकदा चहा पिताना त्यानं सहज म्हणावं तसं म्हटलं, की पिल्लू काही कायमचं दिलं नव्हतं, वाढवायला दिलं होतं. आता ते परत करावं, कुमुशच्या पुढच्या वेतातलं हवं ते निवडून घ्यावं. 

“नाही, दादा,” सादिर म्हणाला.

त्या घरात हा शब्द त्यानं आजवर उच्चारला नव्हता. ताश्तान हसला आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, “ठेवा, ठेवा. घरात कुणीतरी तुमचं ऐकणारं असू दे.”

आपल्या खोलीत आल्यावर बुरूलनं नवऱ्याला सुनावलं. आपण भावाच्या छपराखाली राहतो, त्याच्या गवतावर आपली गाय जगते, एका कुत्र्यापायी हे सगळं घालवायचं आहे का? शमाल दाराबाहेर झोपला होता. सादिरनं दार थोडं उघडून त्याला आत घेतलं आणि बुरूल भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

ऐन थंडीत एका लांडग्यानं कोक-सूचं मेंढरांचं गोठण फोडलं. त्यानं खाल्लं थोडं आणि मारलं फार. सकाळी बर्फावर मेंढरं फाटलेल्या पोत्यांसारखी पडली होती, काही अजून पाय झाडत होती. असानाली आबा वस्तीतले सर्वांत वडील. त्यांनी ठसा पाहिला आणि सांगितलं की नर आहे, थोराड आहे, आणि पोट भरल्यामुळे लांब गेलेला नाही. आबांसकट चार-पाच घोडेस्वार निघाले. ताश्तानकडे त्याचा तगडा काळा घोडा आणि दोरीला कुमुश. सादिरकडे वस्तीतली सगळ्यात म्हातारी घोडी आणि शमाल.

दुपार व्हायच्या आत लांडगा दिसला. उताराच्या पलीकडच्या अंगानं, जड पोटानं, मागं वळून बघत चालला होता. ताश्ताननं कुमुशला सोडलं नाही. म्हणाला, तिच्या पंजाला बर्फ लागलाय, आधी जवान कुत्रा दमवू दे त्याला. सादिरला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट अभिमानच वाटला. त्यानं शमालच्या गळ्यातली दोरी सोडली आणि कुत्रा बाणासारखा सुटला. पाठोपाठ ताश्तानचा काळा घोडा कड उतरून पलीकडे गेला; बाकीचे स्वार अजून मागं होते. सादिरची घोडी घळीतल्या भुसभुशीत बर्फात पोटापर्यंत रुतली. तो उतरला, लगाम ओढून तिला काढू लागला, पुढं ढकलू लागला. कडेपलीकडून गुरगुर ऐकू येत होती. गुरगुर लांबत गेली, मग तिचा आवाज बदलला. शेवटी घोडीला तिथंच सोडून तो पायी धावत सुटला.

तो पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. लांडगा मरून पडला होता, कुमुश त्याच्या मानेवर उभी होती आणि ताश्तान सुरा बर्फात पुसत होता. शमाल थोडा बाजूला पडला होता. त्याचं पोट उभं फाटलं होतं आणि आतडी बर्फावर वाफाळत होती. डोळे उघडे होते. धन्याला बघून त्यानं उठायचा प्रयत्न केला आणि त्या प्रयत्नानं आणखी काही बाहेर आलं. दाढांत लांडग्याच्या गळ्याचे केस गच्च अडकले होते.

“मला पोचायला उशीर झाला, जावईबापू,” ताश्तान म्हणाला. “आता हाल नका करू त्याचे. मी करू?”

सादिरनं नाही म्हणून मान हलवली आणि गुडघ्यावर बसून ते काम स्वतः केलं. कोल्ह्यांच्या माना धरून धरून हाताला सवय झाली होती. ती सवय त्या दिवशी कामाला आली.

उठल्यावर त्याची नजर वर गेली. झटापट झाली तिथून हाकेच्याही आत, जरा उंचावर, बर्फ तुडवलेला होता. तो चढून गेला. घोडा तिथं उभा राहिला होता. नुसता थांबला नव्हता, बराच वेळ उभा राहिला होता. खुरांनी जागा सपाट केली होती, लीद टाकली होती आणि तिची वाफ अजून विरली नव्हती. शेजारी बर्फावर हिरवी पिंक होती. ताश्तानसारखी जिभेखाली हिरव्या तंबाखूची चिमूट धरून, तिचा कस उतरल्यावर थुंकावी तशी. घाईत असलेला माणूस तंबाखूची चिमूट लावत नाही. आणि तिथंच, खालच्या बाजूला, कुत्रीच्या नखांनी बर्फ फाडून खालची माती वर आणलेली होती. दोरीला हिसके देत, मागच्या पायांवर उभी राहत कुमुश खाली जायला धडपडली होती आणि दोरी धरणाऱ्यानं ती धरून ठेवली होती. आपल्या पोराला लांडगा फाडतोय हे तिनं पाहिलं होतं. ताश्ताननंही पाहिलं होतं, जिभेखाली तंबाखू धरून.

बाकीचे स्वार आले. असानाली आबा चढून सादिरजवळ आले. म्हाताऱ्याची नजर अजून शाबूत होती. त्यांनी लीद पाहिली, पिंक पाहिली, नखांच्या रेघा पाहिल्या. मग बुटानं थोडा बर्फ लोटून ती हिरवी पिंक झाकली आणि म्हणाले, वारा उठायला लागलाय, आटपा.

खाली सगळे लांडग्याभोवती जमले. कातडं कुणाचं, हा प्रश्न रिवाजाप्रमाणे निघाला. पहिला दात ज्याच्या कुत्र्याचा, कातडं त्याचं. आबांनी विचारलं, पहिला दात कुणाचा?

“कुमुशचा,” ताश्तान म्हणाला, आणि त्यानं सादिरकडे पाहिलं. “विचारा की जावईबापूंना.”

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. शमालचं तोंड तिथंच होतं, दाढांतले केस तिथंच होते. कुणीही वाकून बघितलं असतं तर कळलं असतं. कुणी वाकलं नाही. सादिरला डोळ्यांपुढे बुरूल दिसली, भावाचं गवत खाणारी गाय दिसली, दाराशी असलेली आपली जागा दिसली. तेवढी एक जागाच त्याला या जगात होती.

“कुमुशचा,” तो म्हणाला.

शमालला पुरायला जमीन फार कडक होती. त्यानं त्याच्यावर दगड रचले. तो परत आल्यावर बुरूलनं त्याच्यापुढे शोर्पाचा, मटणाच्या रश्शाचा, वाडगा ठेवला. तिला सगळं ठाऊक असल्यासारखं तिचं वागणं होतं.

दुसऱ्या दिवशी ताश्तान कातडं घेऊन तालुक्याच्या गावी मिरवायला गेला. सादिरनं त्याच्या दारातून कुमुशला शीळ घातली. ती लगेच आली. इतकी वर्षं तिला खायला त्यानंच घातलं होतं. उजेड लख्ख होता, वस्तीतल्या बायका ओढ्यावर पाणी भरत होत्या, तो तिला घेऊन उघडपणे त्यांच्यासमोरून गेला. लांडग्यांसाठी ठेवलेलं दांडकं त्याच्या काखेत होतं.

घळीत आल्यावर तो थांबला तशी तीही थांबली. तिनं त्याचा हात हुंगला. त्या हाताला तिच्या पोराचा वास असणार. ती तो हात चाटू लागली. सादिरला नखांच्या त्या रेघा स्वच्छ आठवत होत्या. काल त्या उतारावर शमालसाठी जिवाच्या आकांतानं धडपडलं असेल ते एकच जनावर, आणि ते आता त्याच्यापुढे उभं होतं. हे त्याला पुरतं कळत होतं. ताश्तानला मारायची आपली छाती नाही, हेही कळत होतं. त्यानं दांडकं उचललं. पहिल्या घावात ती मेली नाही. ओरडलीही नाही, नुसती त्याच्या पायाशी येऊन लवंडली, मार खाल्लेली कुत्री धन्याकडेच सरकते तशी. त्यानं आणखी मारलं. हात थांबला तेव्हा मारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ताश्तान संध्याकाळी परतला. त्यानं कुणाला विचारलं नाही. माणसाची आणि कुत्रीची पावलं जाताना होती, येताना एकट्या माणसाची होती. तो त्या पावलांच्या मागानं घळीपर्यंत गेला आणि परत सरळ सादिरच्या खोलीत आला. बुरूल चहा ओतत होती. ताश्ताननं कमरेचा चाबूक काढला आणि पहिलाच तडाखा सादिरच्या तोंडावर ओढला. चाबकाच्या टोकानं डावा डोळा गेला. सादिरनं हात वर केला नाही. तो रक्ताळलेल्या तोंडानं उभा राहिला आणि उरलेल्या डोळ्यानं ताश्तानकडे बघत राहिला. त्या बघण्यात काय होतं कोण जाणे, दुसऱ्या तडाख्यासाठी उचललेला हात खाली आला.

“काय बिघडवलं होतं तिनं तुझं?” ताश्तान म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता.

“काही नाही,” सादिर म्हणाला.

बुरूलनं किटली खाली ठेवली. भावाला म्हणाली, “मारून झालं असेल तर बस. चहा निवतोय.” आणि डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं नवऱ्याचा डोळा दाबून धरला. ताश्तान खरोखरच बसला. त्यानं चहाचा वाडगा उचलला, तसाच खाली ठेवला आणि निघून गेला.

त्यानंतर वस्तीत सादिरला कुणी जावईबापू म्हटलं नाही. असानाली आबांनी दस्तरखानावर त्याला स्वतःच्या शेजारी जागा दिली. पोरं त्याला बघून बाजूला होऊ लागली. ताश्तान त्याच्याशी बोलताना आधी त्याच्या हातांकडे बघायचा. सादिरला हे आवडत होतं, आणि आवडतंय याची त्याला किळस येत होती. बुरूल आता त्याच्यासमोर हसत नसे.

पुढच्या थंडीत लांडगे पुन्हा आले. या खेपेला एकटा नव्हता, कळप होता. कुमुश आणि शमाल गेल्यावर कोक-सूत त्यांच्यापुढे उभं राहील असं एकही कुत्रं नव्हतं. जी होती ती शेपूट पोटात घालून घरांत घुसली. दिवस मावळायच्या सुमाराला काळ्या रेघा कडेवरून उतरताना दिसल्या, तसे सगळे जण पराती, घमेली, बादल्या घेऊन गोठणाकडे धावले आणि बडवू लागले. ताश्तान आणि सादिर एकाच कुडापाशी शेजारी शेजारी उभे होते, दोघांच्या हातात लाकडं, दोघं जीव खाऊन पत्रा बडवत होते. लांडगे थोडे थांबले, कान टवकारून त्यांनी तो गोंगाट ऐकला. मग पुढचा एक झेपावला आणि कुडावरून आत उतरला.