दुसऱ्या बाजूची कडी

मुलांनो, लातूरमधल्या एका ट्यूशनच्या इमारतीचा जिना डोळ्यांपुढे आणा. चार मजले, लिफ्ट नाही, भिंतभर गेल्या वर्षीच्या गुणवंतांचे फोटो. वर आज नव्या गुणवंतांचा सत्कार आणि गिटारवादनाचा कार्यक्रम आहे. खाली पहिल्या पायरीशी पासष्टीचा मलप्पा उभा आहे, उजवी बाही कोपराच्या वर दुमडून. तुम्हीही त्याच्या शेजारी उभे राहा.

रिक्षातून त्याचा जुना मित्र संगप्पा उतरला, खांद्याला गिटार. मागून त्याची नात शिवांगी, पाचवीतली. मलप्पाने सवयीने रिक्षाच्या मागे हात घातला. तिथे काहीच नव्हतं.

"मशीन कुठाय रे?"

संगप्पाने हातातला काळा डबा दाखवला.

"भाकरीचा डबा आणलास व्हय?"

"गिटारचं मशीनच हाय. पोरानं आणून दिलंय. अडीच किलोचं. बटन दाबलं की चालू."

"तापायला लागत न्हाई?"

"न्हाई."

"मंग चहा कवा प्यायचा?" मलप्पा हसला.

गिटारचा आवाज मोठा करणारं जुनं मशीन, म्हणजे ॲम्प्लिफायर, बत्तीस किलोचं होतं. त्यात दिव्यासारखे काचेचे व्हॉल्व्ह. ते तापेपर्यंत गिटारचा आवाज निघत नसे. तेवढ्यात दोघांचा एकेक चहा होई. एसटीत मलप्पा ते व्हॉल्व्ह टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन बसे.

तीस वर्षांपूर्वी भूकंपात मलप्पाचं किल्लारीतलं घर गेलं, घरातली चारही माणसं गेली. तो उदगीरला संगप्पाच्या ओसरीवर येऊन बसला. महिनाभर बोलेना. तोवर संगप्पा ते मशीन एकटाच खांद्यावर टाकून नेत असे. एके दिवशी त्याने सुताराकडून मशीनला दोन्ही बाजूंनी लोखंडी कड्या मारून घेतल्या आणि मलप्पाला म्हणाला, "मला एकट्याला झेपंना. तिकडची कडी धर."

मलप्पा उठला. पुढे संगप्पा लातुरात मुलाकडे राहायला आला, तरी उदगीरलाच राहिलेल्या मलप्पाने एकही कार्यक्रम चुकवला नाही.

आता संगप्पाचे गुडघे गेले होते. जुनं मशीन दोघांनाही झेपणारं नव्हतं.

"बरं झालं," मलप्पा म्हणाला. "लई जड व्हतं ते." त्याने बाही खाली केली, बटण लावलं. "निघतो मंग. साडेपाचची उदगीर गाडी गावंल."

"आरं, कार्यक्रम तर बघ की."

"तीस वर्षं बघतच आलो की. मोकळ्या हातानं वर येऊन काय करू?"

 संगप्पा डबा या हातातून त्या हातात घेत राहिला.

कड्यांची गोष्ट शिवांगीने आजोबांकडून कितीदा तरी ऐकली होती. तिने एका वेणीची लाल रिबीन सोडली. डब्याला एकाच बाजूला मूठ होती. दुसऱ्या बाजूच्या खाचेतून तिने रिबीन ओवली, गाठ मारली, ओढून पाहिली.

"मलप्पाआबा, तिकडून धरा. आमच्या आज्याला एकट्याला झेपंना."

आणि कोणी काही बोलायच्या आत गिटार आपल्या खांद्याला अडकवून, एक वेणी सुटलेली, ती जिना चढू लागली. पहिल्या वळणावर थांबली. खालून दोघांची पावलं येत होती, हळूहळू, बत्तीस किलोंच्या चालीने.

मग शिवांगीनेही आपली चाल तेवढीच हळू केली.