कलम चार आणि दादांची खुर्ची

गावच्या संग्रहालयाला रीतसर घटना होती. तिची बाकीची कलमं कार्यकारिणीलाही आठवत नसत, पण कलम चार गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. 'हयात व्यक्तीची वस्तू स्वीकारली जाणार नाही.' मेल्याशिवाय आत घेत नाहीत, असा त्याचा सरळ अर्थ गावाने काढला होता आणि तो अगदी बरोबर होता.

हे कलम घातलं ताईंनी. ताई संग्रहालयाच्या चिटणीस. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून झालेली, त्यामुळे ट्रंक कॉलवर सांगावं तसं 'तीन मिनिटं झाली' असं कुणालाही, कुठल्याही सुखदुःखात मध्येच सांगायची त्यांना सवय. संग्रहालय सुरू झालं त्या वर्षी बँकेच्या मॅनेजरांनी आपला कोट आणून दिला आणि मग रोज पाहुण्यांना घेऊन तो दाखवायला येऊ लागले. कोटाहून जास्त लोक मॅनेजरांनाच बघून जात. ताईंनी पुढच्याच सभेत कलम चार मंजूर करून घेतलं आणि कोट परत पाठवला. थंडीचे दिवस होते, मॅनेजरांच्या उपयोगी पडला.

संग्रहालय म्हणजे बाजारातलं जुनं काटाघर. दोन खोल्या. पुढच्या खोलीत भला मोठा वजनकाटा, कारण तो दारातून बाहेर निघत नव्हता. मागच्या खोलीत गाव. कार्यकारिणीत मानधन कुणालाच नव्हतं, म्हणून मान सगळ्यांना हवा होता. अध्यक्ष होते जनावरांचे डॉक्टर, निवृत्त, सभेतही समोरच्याच्या जबड्याकडे बघून बोलणारे. खजिनदार बेकरीवाले. आणि चौथे पेंटर, ज्यांनी गावातल्या निम्म्या दुकानांचे बोर्ड रंगवले होते आणि संग्रहालयाच्या पाट्या फुकट रंगवून देत होते. प्रत्येक पाटी 'दिवंगत' या शब्दाने सुरू व्हायची. तोच शब्द किती वेळा काढणार, म्हणून पेंटरांनी पत्र्यात तो कापून साचाच करून घेतला होता. साचा ठेवायचा, ब्रश फिरवायचा, माणूस दिवंगत.

कलम चारच्या बाबतीत ताई कुणाची भीडभाड ठेवत नसत. नगराध्यक्ष आपली छत्री घेऊन आले तेव्हा ताईंनी छत्री उघडून बघितली, मिटली आणि म्हणाल्या, "छत्री छान आहे. पण तुम्ही अजून आहात." बेकरीवाल्यांच्या आजींनी कणीक मळायची लाकडी काठवट पाठवली, तर ताईंनी निरोप धाडला, "घाई नाही, आम्ही थांबू." आजींनी नव्वदी कधीच ओलांडलेली. हा निरोप ऐकून त्यांनी ठणठणीत राहायचं जे मनावर घेतलं, ते घरातल्यांनाही जड जाऊ लागलं.

आणि मग एका सोमवारी ताईंचे थोरले भाऊ काटाघराच्या दारात येऊन उभे राहिले.

दादांचं बाजारात सलून होतं. हात थरथरायला लागले म्हणून महिन्यापूर्वी त्यांनी कुलूप लावलं. दूरच्या शहरात मुलगा होता, तो रविवारी न्यायला येणार होता. मुलाच्या घरात दादांपुरती जागा होती, पण दादांच्या खुर्चीला नव्हती. खुर्ची म्हणजे सलूनची, लोखंडी बैठकीची, चिनीमातीच्या हातांची, पायाने दट्ट्या दाबला की वर जाणारी. गावातल्या बहुतेक सगळ्यांनी आयुष्यातलं पहिलं रडं त्या खुर्चीत रडून घेतलं होतं.

"भंगारवाला दोनदा येऊन बघून गेला," दादा म्हणाले. "तुझ्याकडे ठेव."

"दादा, नियम आहे."

"कसला?"

"वस्तू ज्याची, तो माणूस... हयात नसावा."

दादांनी जरा विचार केला. "मी प्रयत्न करतो," ते म्हणाले, "पण रविवारपर्यंत जमेलसं वाटत नाही."

ताईंना हसू आलं नाही. दादा थट्टा करायला लागले की त्यांना मनातून काहीतरी फार हवं असतं, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं.

"खुर्चीचं जाऊ दे गं," दादा काट्याच्या कडेला टेकले. "पण पाटी असती ना, तर नाव आलं असतं. दुकानाच्या बोर्डावर बाबांचं नाव. बाबा गेले तेव्हा बोर्ड नवाकोरा होता, म्हटलं कशाला बदला. मग राहूनच गेलं. एकदा कुठेतरी रंगवलेलं बघितलं असतं आणि गेलो असतो."

ताई त्या रात्री जेवल्या नाहीत. बाबा गेले तेव्हा त्या प्राथमिक शाळेत होत्या. घरात दिवा मिणमिणता, म्हणून दादा त्यांना दुकानात आणायचे, पोरांना बसवायची फळी खुर्चीच्या हातांवर आडवी टाकायचे आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा ताई त्या फळीवर पाढे लिहायच्या. गिऱ्हाईक आलं की उतरायचं, गेलं की चढायचं. ऑपरेटरच्या परीक्षेपर्यंतचा सगळा अभ्यास त्याच खुर्चीच्या आधाराने झाला होता. दादांचं स्वतःचं शिक्षण मात्र तिच्या मागे उभं राहण्यातच संपलं.

मंगळवारी ताईंनी तातडीची सभा बोलावली आणि घसा खाकरून म्हणाल्या, "कलम चारला एक अपवाद करावा, असं माझं मत आहे."

डॉक्टरांनी चष्मा काढला. पेंटरांचा आ वासलेला तसाच राहिला. बेकरीवाल्यांच्या चेहऱ्यावर मात्र हळूहळू असं समाधान पसरलं, जे इतक्या वर्षांत गल्ला मोजतानाही कुणी पाहिलं नव्हतं.

"अपवाद?" ते म्हणाले. "ताई, तुम्हीच सांगता ना, नियम म्हणजे नियम? आमची आजी अजून काठवटीवर बसून विचारते, त्या बाई अजून थांबल्यात का?"

"मी अडलेल्या गायींची दोरी आणली होती," डॉक्टर म्हणाले. "वासरं ओढून काढायची. तुम्ही मला नाडी बघायला सांगितलीत. माझीच."

ताई खाली मान घालून ऐकत होत्या. इतरांना सुनावताना हे सगळं किती रास्त वाटलं होतं!

शेवटी डॉक्टरांना दया आली. "हे बघा, मार्ग आहे. खुर्ची तुमच्या वडिलांच्या नावाने घेऊ. ते दिवंगत आहेत, कलमाला धक्का नाही, खुर्ची वाचली."

सगळ्यांनी माना डोलावल्या. खरंच बिनतोड मार्ग होता. ताईंनी लिहायला पेन उघडलं. बाबांचं नाव लिहायला घेतलं आणि हात थांबला. दुकानाचा बोर्ड डोळ्यांसमोर आला.

"नाही," त्या म्हणाल्या. "खुर्ची दादाने घेतली. बाबा त्या खुर्चीमागे एकदाही उभे राहिले नाहीत. पाटीवर दादाचंच नाव येईल."

"मग कलमच काढा," बेकरीवाले म्हणाले. "पण मग आमची काठवट येणार. नगराध्यक्षांची छत्री येणार. मॅनेजरांचा कोट येणार, आणि कोटामागून मॅनेजर येणार."

मॅनेजरांच्या आठवणीने ताईंच्या अंगावर काटा आला. तरी त्या उठून उभ्या राहिल्या. "कलम चार रद्द करावं, असा ठराव मी मांडते," त्या म्हणाल्या आणि आवाज फुटू नये म्हणून पुढे म्हणाल्या, "तीन मिनिटं झाली. अनुमोदन कोण देतंय?"

बेकरीवाल्यांनी दिलं. इतका वेळ टोमणे मारणारे बेकरीवाले, पण हात त्यांनीच पहिला वर केला. ठरावावर चौघांच्या सह्या झाल्या आणि पेंटरांना पाटी शनिवारपर्यंत करायला सांगितलं.

शनिवारी ताई पहाटेपासून दादांचं सामान बांधत होत्या. पाटी काटाघरात वाळत ठेवली होती, अगदी खिडकीसमोर.

सकाळीच दूधवाला आला. दादांनी दार उघडलं, तसा तो दोन पावलं मागे सरला, किटली खाली ठेवून त्यांच्याकडे बघतच राहिला, मग एकदम त्यांचे हात धरून रडायला लागला. मागोमाग शिंपी आला, लांब चेहऱ्याने. तोही दादांना बघून दचकला, डोळे पुसले आणि काही न बोलता गेला. मग शाळेतल्या बाई आल्या, त्या उंबऱ्यावरच मटकन बसल्या.

"बघ," दादा गहिवरून ताईंना म्हणाले, "मी जाणार म्हणून लोकांना किती वाईट वाटतंय! मला वाटलं होतं, कुणाच्या लक्षातही यायचं नाही."

ताईंनाही भरून आलं. गाव इतकं प्रेमळ आहे हे त्यांना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

संध्याकाळी काटाघरात पाय ठेवायला जागा नव्हती. निम्मे लोक खुर्ची बघायला आले होते आणि निम्मे दादा खरंच आहेत की नाहीत ते. डॉक्टरांनी भाषण केलं. पेंटरांनी ऐटीत पाटीवरचं फडकं ओढलं.

दादांनी चष्मा लावला आणि जवळ जाऊन वाचलं. 'दिवंगत', आणि पुढे दादांचं नाव, पूर्ण, सोनेरी रंगात, अक्षराअक्षराला सावली दिलेलं.

पेंटर पांढरेफटक पडले. "साचा..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. "सवयीने हो... नाव काढायला दोन दिवस घातले, त्याच्या आधीचं काय काढलं ते लक्षातच नाही."

"तरीच दूधवाला दाराशी रडत होता," दादा म्हणाले. बोटाने त्यांनी नावावरून हळूच रेघ ओढल्यासारखं केलं. "नाव काय सुरेख काढलंय. राहू दे रे. पुढेमागे रंगवायला यावंच लागलं असतं, तुमची एक खेप वाचली."

लोक हसले. ताई हसल्या नाहीत. दादांचा शब्द त्यांनी जन्मात मोडला नव्हता. पण आज त्यांनी पेंटरांच्या हातातलं फडकं हिसकावलं, त्यांच्याच टर्पेंटाइनच्या डब्यात बुडवलं आणि नावाआधीचा शब्द खसाखसा पुसायला घेतला. "आहे," त्या पुसता पुसता म्हणत होत्या. "हा आहे. माझा दादा आहे."

शब्द गेला. त्या जागी एक फिकट डाग राहिला, आणि डागाच्या पुढे नाव. दादा बराच वेळ ते बघत उभे होते. मग त्यांनी सवयीने खुर्चीची गादी हाताने झटकली आणि ताईंना म्हणाले, "बस."

"वस्तूंवर बसायचं नसतं," ताई म्हणाल्या. "कलम सात."

रविवारी दादा गेले. दर रविवारी ताई त्यांना फोन करायच्या. मध्येच तोंडून निघून जायचं, "तीन मिनिटं झाली, दादा." दादा म्हणायचे, "मग तोड." आणि पुढे तासभर बोलायचे. पाटी बघायला कोण आलं होतं, नाव अजून चमकतं का, मॅनेजर रोज येतात का. मॅनेजर रोज येत होते.

पुढच्या थंडीत एकदा फोन तिकडून आला, दादांच्या मुलाचा.

ताई जाऊन आल्या. परतल्यावर दुसऱ्या दिवशी काटाघर उघडलं, तर दारात पेंटर उभे. एका हातात रंगाचा छोटा डबा, दुसऱ्या हातात तो पत्र्याचा साचा. फिकट डागाची जागा नेमकी त्या साच्याएवढी होती.

"ताई," पेंटर खाली बघत म्हणाले, "आता..."

"कलम चार रद्द झालंय," ताई म्हणाल्या. "ठरावावर तुमची सही आहे."

पेंटरांनी साचा पिशवीत घातला आणि ते पुढच्या खोलीत, काट्यापाशी जाऊन थांबले.

मागच्या खोलीत ताईंनी खुर्चीमागून पोरांची ती फळी काढली, खुर्चीच्या हातांवर आडवी टाकली, आणि त्या वयात, गुडघे कुरकुरत असताना, कलम सात मोडून वर चढून बसल्या. समोर पाटी होती. तीन मिनिटं होऊन गेली, तरी बाहेरून कुणी काही म्हणालं नाही.