आंबट दुधाची जमीन

“नासलंय हे. आंबलेलं नाही, नासलेलं,” खुर्चीतले मिस्टर फनेल नाकाला रुमाल लावून पुटपुटत होते. “एकतीस वर्षं जमीन सारवली, तरी माणसाला एवढा फरक कळू नये!”

“माणसाला ऐकूही येतं,” मिस टपन गुडघ्यांवर बसल्या बसल्या म्हणाल्या. मान काही वर केली नाही.

मी दाराशी तिकिटांच्या टेबलावर पोस्टकार्डं लावत होते. आमच्या गावचं हे पाद्र्याचं जुनं घर इस्टरला लोकांसाठी उघडतं. त्याआधी दिवाणखान्याची जमीन दुरुस्त करायची असते. लोकांच्या बुटांनी जिथे खड्डे पडलेत तिथे खडूच्या दगडाचा चुरा भरायचा, धुम्मसाने चोपायचा आणि वरून आंबट दूध जिरवायचं. वाळली की जमीन अशी गुळगुळीत होते, की अनवाणी चालावंसं वाटतं. चोपायचं काम मिस्टर फनेलांचं, दुधाचं मिस टपनचं.

यंदा मिस्टर फनेल खुर्चीत होते. फेब्रुवारीत ते जिन्यावरून पडले. जिना म्हणजे काय, शिडीच. घराच्या पूर्वेच्या टोकाला, वर पाद्र्याच्या निजायच्या खोलीत जाते ती. गावचे सुतार म्हणून ते इथल्या तुळया-वासे बघायला यायचे, आणि बायको गेल्यावर त्या खोलीतच राहिले. घराची देखभाल करणाऱ्या समितीने जिन्याला कठडा बसवायचं सुचवलं, तर भडकले. “सहाशे वर्षांच्या ओकच्या लाकडाला माझ्या म्हातारपणापायी खिळे ठोकायचे? मी जिवंत असेपर्यंत नाही!” झालं. लेक म्युरिएल त्यांना क्रॉयडनला आपल्या घरी घेऊन जाणार, असं ठरलं. आज, अकरा वाजता.

मिस टपन राहतात पश्चिमेच्या टोकाला, खाली, पूर्वी पाद्र्याची कामवाली राहायची तिथे. त्या खोलीतून दिवाणखान्यात यायला दारच नाही. बांधणाऱ्यांनी ठेवलं नाही. पाद्री ब्रह्मचारी, कामवाली बाईमाणूस. म्हणून एकतीस वर्षं मिस टपन पावसात, बर्फात छत्री घेऊन बाहेरून वळसा घालून येतात. छप्पर मात्र एकच, गवताचं, आणि मध्ये हा दिवाणखाना, माळा नसलेला, थेट काळ्या पडलेल्या वाशांपर्यंत मोकळा. एका टोकाला कुणी खोकलं तर दुसऱ्या टोकाला ऐकू जातं. हे मला मिस टपननीच एकदा सांगितलं, आणि लगेच पोस्टकार्डांचा विषय काढला.

“बाटलीतलं दिसतंय दूध. दुकानातलं,” मिस्टर फनेल म्हणाले. “ते तापवलेलं असतं, आंबत नाही, सडतं. खरवडा आता सगळं. विकेन्सच्या गोठ्यातून ताजं आणा, चार दिवस आंबू द्या, मग पुन्हा चोपा.”

“चार दिवस.”

“चार तरी.”

“आणि चोपणार कोण?”

“विकेन्स चोपेल की.”

“तो नीट चोपतोय का, ते कोण बघणार?”

मिस्टर फनेल रुमालाची घडी घालू लागले. विकेन्सबाई सोमवारी बेकरीत मला म्हणाली होती, दुधाची बरणी दारात तशीच पडून आहे, टपनबाई यंदा फिरकल्याच नाहीत. दूध विसरणारी बाई ती नव्हे. पण असलं काही आमच्या गावात कुणी तोंडावर विचारत नाही. आम्ही हवापाण्यावर बोलतो.

तेवढ्यात म्युरिएल आली, हातात गाडीची किल्ली.

“बाबा, आवरलं का? शी, कसला हा वास! काय मेलंय इथे?”

“कुणी मेलं नाही अजून,” मिस्टर फनेल म्हणाले. “जमीन बिघडलीये. चार दिवस थांबलो तर...”

“जमिनीसाठी? अहो बाबा, तुमची बॅग गाडीत आहे!” तिचा आवाज एकदम मऊ झाला. “मला काय हौस आहे का? वर तुम्हाला चढवत नाही, कठडा तुम्ही लावू देत नाही. खाली कुठे झोपायची सोय असती, तर मी आले असते का न्यायला?”

म्युरिएलने घड्याळ पाहिलं. मिस्टर फनेल वाशांकडे बघत राहिले. मी पोस्टकार्डांचा सरळ गठ्ठा पुन्हा सरळ केला. पश्चिमेच्या भिंतीकडे तेवढं कुणी बघितलं नाही. मिस्टर फनेल खुर्चीच्या हातांवर जोर देऊन हळूहळू उठले आणि टोपी शोधू लागले.

मिस टपनही उठल्या. स्कर्टला गुडघ्यांपाशी पांढरे डाग पडले होते. त्यांनी हात ॲप्रनला पुसले, एकेक बोट करून.

“म्युरिएल, दुकानातलं दूध मी मुद्दाम आणलं,” त्या म्हणाल्या. मग वळल्या. “मिस्टर फनेल, माझी खोली खाली आहे. तुम्ही माझ्याकडे राहायला या.”