काळं पडलेलं दूध

पडद्यांच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. रांग थेट जिन्यापासून लागली होती. तान्ही पोरं कडेवर घेतलेल्या बायका, त्यांच्यामागे त्यांच्या आया नि सासवा, आणि आपण इथे चुकून आलोय असा चेहरा केलेले नवरे. प्रत्येकीच्या मुठीत एक छोटी बाटली होती आणि बाटलीच्या तळाशी तिचं स्वतःचं चमचाभर दूध.

समोर टेबलामागे दूधमाई बसली होती. कपडे पांढरेशुभ्र, आवाज साखरेत घोळलेला.

"आईच्या दुधात तिचा राग उतरतो, तिची काळजी उतरते," ती सांगत होती. "सकाळी नवऱ्याशी भांडलात, तर ते भांडणसुद्धा उतरतं! तुमच्या डोळ्यांना दिसत नाही. माझ्या पाण्याला दिसतं."

मग ती मागच्या फळीवरून एक पांढरा कप घ्यायची, त्यात बाटलीतलं दूध ओतायची, आणि वरून सुरईतलं पिवळसर पाणी. बघता बघता दूध निळंकाळं व्हायचं. बायकांच्या तोंडून एकदम "अगं बाई!" निघायचं. अधूनमधून एखादीचं दूध पांढरंच राहायचं. तिला माई सगळ्यांदेखत मिठी मारायची. बाकीच्यांना मिळायचा डबा. माईच्या हातचा, शुद्ध दूधभुकटीचा, पैसे मोजून.

रांगेत शाळेतले विज्ञानाचे सर उभे होते. शेजारी त्यांची बायको, तिच्या कुशीत दोन महिन्यांची लेक, आणि मागे सरांची थोरली बहीण. इथवर आणलं होतं ते बहिणीनेच. पोरगी संध्याकाळ झाली की तास तास रडायची. "दुधातच काहीतरी आहे," असं बहिणीने ठरवून टाकलं होतं, आणि झोपेवाचून डोळे चुरचुरणाऱ्या सरांनी वाद घातला नव्हता.

सरांच्या बायकोचं दूध कपात पडलं. वरून पाणी पडलं. कप शाईसारखा काळा झाला.

"कामावर जायचीस ना?" माईने विचारलं.

"गणवेश शिवते. कारखान्यात," सरांची बायको कशीबशी म्हणाली.

"तरीच! यंत्रांची धडधड उतरलीय दुधात." माईची नजर सरांवर गेली. "आणि तुम्ही काय करता?"

"शाळेत शिकवतो. विज्ञान."

"ऐका हो, ऐका!" माईने हात वर केले. "विज्ञानाचे सर आहेत हे. यांच्या डोळ्यांसमोर झालंय. सर, झालं की नाही काळं?"

शंभर डोळे सरांवर खिळले. सुरईतून एक उग्र वास येत होता. ओळखीचा होता तो, त्यांच्याच कामातला. पण ही वेळ वास हुंगण्याची नव्हती, असं त्यांनी स्वतःला समजावलं. काळं तर झालंच होतं. खोटं थोडंच बोलायचं होतं?

सरांनी मान हलवली.

त्या दिवशी त्यांच्या मागच्या अकरा बायकांनी एक शब्दही न विचारता डबे उचलले.

घरी आल्यावर बायकोने छातीला घट्ट कापड बांधलं. दूध भरून यायचं, छाती दगडासारखी व्हायची, पोरगी वासाने तिकडे तोंड वळवायची आणि ती तोंड फिरवायची. "माझ्याकडे देऊच नका तिला," म्हणायची. सर बाटली भरायचे. माईने बजावलं होतं, "पाणी उकळू नका, उकळलं की भुकटीचं तेज मरतं." सर पाणी उकळत नव्हते. डबा लवकर संपू नये म्हणून बहीण चमचा जरा कमीच भरायची.

तिसऱ्या आठवड्यात पोरीला जुलाब सुरू झाले. सकाळी टाळू खोल गेलेली दिसली आणि रडणंही थांबलं, तेव्हा सर तिला घेऊन दवाखान्यात धावले.

दोन दिवस सलाईन चाललं. पोरगी वाचली. तिसऱ्या दिवशी वॉर्डातली सिस्टर हातात एक कार्ड घेऊन आली. लसीकरणाच्या वेळी सुरू केलेलं वजनाचं कार्ड, त्यात आता वॉर्डातलं वजनही भरलेलं.

"हे बघा," ती सरांच्या बायकोच्या शेजारी बसून म्हणाली, "ही रेघ चढतेय ना? इथपर्यंत काय पाजत होता?"

"माझंच."

"आणि इथून खाली आली. इथे काय झालं?"

सरांच्या बायकोने सगळं सांगितलं. सुरई, कप, यंत्रांची धडधड. सिस्टर आधी हसली, मग तिचं हसू मावळलं.

"ताई, दुधाची परीक्षा कपात होत नाही. बाळाचं वजन वाढतंय का, दिवसातून सहा-सात वेळा लंगोट ओला होतोय का, एवढंच बघायचं. या वयाची पोरं संध्याकाळी रडतातच. माझीही रडायची." मग ती सरांकडे वळली. "तुम्ही काय करता?"

सरांनी खिडकीबाहेर बघितलं. "शाळेत असतो," ते म्हणाले. विज्ञान हा शब्द त्यांनी गाळला.

बायकोने सिस्टरच्या हातून कार्ड घेतलं. कार्डावरच्या रेघेवरून ती कितीतरी वेळ बोट फिरवत राहिली. संध्याकाळी तिने छातीचं कापड सोडलं आणि पोरीला जवळ घेतलं. दूध जेमतेम होतं. "दर दोन तासांनी लावा, वाढेल," असं सिस्टर सांगून गेली होती.

घरी आल्यावर शनिवारी सकाळी ती म्हणाली, "अहो, माईकडे जायचंय."

"आता कशाला?"

"तुम्ही नुसते सोबत या. बोलू नका. गेल्या वेळी बोलला नाहीत, तसंच."

सरांच्या काळजात ते वाक्य सुईसारखं रुतलं.

हॉल पुन्हा भरलेला होता. सरांच्या बायकोने बाटली पुढे केली. माईने फळीवरून कप घेतला, दूध ओतलं, पाणी ओतलं. कप काळा झाला.

"अजून दोष गेला नाही गं!" माई हळहळली. "उलट वाढलाय. पाजलंस की काय बाळाला?"

"माई, हे माझं दूध नाही." सरांच्या बायकोने रिकामी बाटली टेबलावर ठेवली. "तुमच्या डब्यातलं आहे. तुमच्या भुकटीचं. सकाळीच कालवलंय."

हॉलमध्ये एकाएकी फक्त तान्ह्यांचं कुरकुरणं ऐकू येऊ लागलं.

"तुझा हात लागला ना त्याला!" माई क्षणात सावरली. "दोष हातातून उतरतो. खोटं बोलून माझ्या पाण्याची परीक्षा घेतेस?"

"मग आता हातच लावत नाही. अहो, त्या फळीवरचा कप घ्या. त्यात नुसतं पाणी ओता. दूध नकोच."

सर पुढे झाले. माईने सुरईवर हात ठेवला, पण रांगेतल्या एका आजीने तो शांतपणे बाजूला केला. सरांनी रिकाम्या कपात पाणी ओतलं. कप काळा झाला. थेंबभर दुधाशिवाय.

सरांच्या बायकोने फळीवरचा आणखी एक कोरा कप उचलला, उजेडात धरला, आतून नखाने खरवडला. नखात पांढरी पापडी आली. ती बोटांत चुरून तिने जिभेला लावली.

"खळ आहे ही," ती म्हणाली. "कॉलर ताठ राहावी म्हणून आम्ही कापडाला लावतो ती. आतून फासून वाळवलीय. पांढऱ्या कपात दिसायची कुठून?"

आता सगळे सरांकडे बघत होते. गेल्या वेळेसारखेच. सरांनी सुरई नाकाशी नेली.

"आणि हे आयोडीन," ते म्हणाले. "जखमेवर लावतात ते, पाण्यात घातलेलं. खळीला आयोडीन लागलं की निळंकाळं होतं. ज्या कपात खळ नाही, त्यातलं दूध पांढरं राहतं. सातवीच्या मुलांना दर वर्षी मीच हे करून दाखवतो." त्यांनी सुरई टेबलावर ठेवली. "त्या दिवशीही मला वास आला होता. मी ओळखू शकलो असतो. ओळखायचं टाळलं. मान हलवली. माझी मुलगी त्यानंतर दवाखान्यात होती."

माईने डोळे मिटून काहीतरी पुटपुटायला सुरुवात केली. कुणी ऐकलं नाही. आजीने फळीवरचे सगळे कप खाली काढले आणि एकेकात पाणी ओतत गेली. काही काळे झाले, काही नाही. माई कधी मागच्या दाराने गेली तेही कुणाला कळलं नाही.

गर्दीतून एक तरुण आई पुढे आली. "मला तर दूध येतच नाही," ती हलकेच म्हणाली. "बाटलीशिवाय माझं भागत नाही. मग मी चुकतेय का?"

सर काही बोलायच्या आत त्यांची बायको म्हणाली, "नाही गं. सिस्टरने मला सांगितलंय. आईचं असेल तर तेच चांगलं. नसेल, पुरत नसेल, तर डॉक्टरांना विचारून डब्याचं द्यायचं. पाणी उकळायचं, बाटली उकळायची, चमचा सांगितला तेवढाच भरायचा. मी कामावर परत गेले की मलाही एखाद्या वेळी बाटली लागेलच. त्यात लाजायचं काय? लाज वाटायला हवी ती आमच्यासारख्यांना. न विचारता काळं मानलं म्हणून."

तिने 'आमच्यासारख्यांना' म्हटलं. 'यांना' म्हणाली असती तरी चाललं असतं, असं सरांना वाटलं.

पुढच्या आठवड्यात रोज शाळा सुटल्यावर सर पत्ते विचारत त्या अकरा घरी गेले. दुकानदारीण, बसवाहकाची बायको, जुळ्यांची आई. प्रत्येक दारात उभं राहून तेच सांगायचं: कपात खळ होती, पाण्यात आयोडीन होतं, आणि मला ते कळायला हवं होतं. उद्या बाळाचं वजन करून घ्या. एकीने पाणी दिलं. एकीच्या नवऱ्याने तोंडावर दार लावलं, आणि सरांना त्याचा राग आला नाही.

शेवटच्या घरची बाई दारातच उभी राहिली. तिचं बाळ ठणठणीत होतं, नशिबाने.

"सर," ती म्हणाली, "आम्ही शिकलो नाही. पण तुम्हाला तर माहीत होतं ना?"

"हो."

"मग विचारलं का नाहीत?"

सरांनी तिच्या नजरेला नजर दिली. "एवढ्या लोकांत विचारायची लाज वाटली," ते म्हणाले. "आज त्याहून जास्त वाटते. म्हणून सांगतो. कुणीही चमत्कार दाखवला, मग तो कितीही गोड बोलो, तर आधी रिकाम्या कपात पाणी ओतून बघा. आणि शेजारी माझ्यासारखा कुणी शिकलेला मान हलवत उभा असेल, तर त्यालाही विचारा, तुला हे कशावरून कळलं?"

बाईने लगेच विचारलं, "कशावरून?"

सर उंबऱ्याशी खाली बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगू लागले.