दोनदा घर सोडणारी यमू

मी एका कादंबरीची प्रत बोलते आहे. कादंबरीचे नाव सांगत नाही. ते मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरांत आहे आणि माझ्या बहुतेक वाचकांचे वाचन तेवढ्यावरच आटोपले आहे. सांगलीत खरोखर होऊन गेलेले थोर नाटककार त्र्यंबकराव आणि त्यांचे कुटुंब हा माझा विषय.

माझी बांधणी कुपवाडच्या एका कारखान्यात झाली. सोळा पृष्ठांची एक घडी, तिला फर्मा म्हणतात. फर्मे क्रमाने रचून शिवायचे, एवढेच काम. त्या दुपारी रचणाऱ्याचे अर्धे लक्ष मोबाइलवरच्या क्रिकेटमध्ये होते. त्याने अकरावा फर्मा दोनदा रचला आणि बारावा विसरला. मी जन्मले ती अशी, एक अवयव अधिक आणि एक उणा घेऊन.

अकराव्या फर्म्यात त्र्यंबकराव अंथरुणाला खिळलेले आहेत. शेवटी त्यांची धाकटी लेक यमू पिशवी उचलते आणि घराबाहेर पडते. इतर प्रतींत पान उलटले की ती का गेली ते कळते. माझ्यात पान उलटले की यमू पुन्हा स्वयंपाकघरात असते, तीच पेज गाळते, तीच पिशवी भरते आणि पुन्हा निघून जाते. त्यापुढच्या पानावर एकदम वडिलांची अंत्ययात्रा.

सातारच्या एका वाचनालयाने मला विकत घेतले. पहिलाच वाचक ही खोड सांगत धावत परत येईल, अशी माझी भाबडी समजूत होती. एका कुटुंबाने मला महाबळेश्वरला नेले, खिडकीत स्ट्रॉबेरीच्या बशीशेजारी उभी करून माझे छायाचित्र काढले आणि न उघडता परत आणले. दुसऱ्या घरी माझ्यावर आमटीचे गरम पातेले ठेवले गेले. ते वर्तुळ अजून अंगावर आहे. मला परत करताना मात्र सर्वांच्या मुखी एकच शब्द, “अप्रतिम!” या शब्दाची अशी विटंबना दुसऱ्या कोणी केली नसेल. ज्याला तुलना नाही ते अप्रतिम; आणि तुलना करण्यापूर्वी निदान वाचावे लागते.

पुढे वाचनालयाने माझ्यावर वाचकांच्या अभिप्रायांचा कार्यक्रम योजला. मला हार घालून टेबलावर ठेवले. पाहुण्यांची ओळख इतकी लांबली की हारातली फुले माना टाकू लागली.

पहिल्या रांगेत वाईहून आलेल्या शकुंतलाबाई बसल्या होत्या. त्या यमूच्या कन्या, म्हणजे त्र्यंबकरावांच्या नात. पण सभागृहात हे कोणाला ठाऊक नव्हते. मरत्या बापाला टाकून गेलेली, हे बोलणे त्यांच्या आईने जन्मभर ऐकले होते. खरे काय घडले ते शकुंतलाबाईंनी कादंबरीकाराला सांगितले होते, आणि त्यानेही ते लिहीन असा शब्द दिला होता. त्याने तो पाळला की नाही, हे पाहण्याचा धीर मात्र त्यांना अजून झाला नव्हता.

प्रथम मयूरी नावाच्या बाई बोलल्या. “मला तर यमूचा असा राग आला ना! बाप मरतोय आणि ही चालली पिशवी घेऊन. लय निगरगट्ट बाई!”

शकुंतलाबाईंनी पदर घट्ट ओढून घेतला.

नंतर प्राध्यापक निमिष उठले. “गृहत्यागाचं दृश्य लेखक जसंच्या तसं पुन्हा देतो. यमूचा अपराधभाव चक्राकार आहे, हे त्यातून सूचित होतं. मराठीत असं धाडस विरळा!”

टाळ्या पडल्या. या गृहस्थांनी मला खरोखर वाचले होते, हेच त्यातले दुर्दैव. अडाण्याला जी चूक दिसली असती, तिला विद्वत्तेने शैली ठरवले.

“जरा ते पुस्तक द्या बघू,” शकुंतलाबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा चढवला. यमू घराबाहेर पडली तिथे त्यांचा हात थांबला. पान उलटले, आणि यमू पुन्हा पेज गाळताना दिसली. त्यांनी पृष्ठांच्या खालचे आकडे पाहिले.

“अहो, एकशे शहात्तरनंतर पुन्हा एकशे एकसष्ट? पुढची पानं कुठायत?”

अध्यक्ष लालासाहेब हसले. “आवं काकू, बांधणीत व्हतंय असं. गोष्ट तर समद्यांना कळली की!”

“गोष्ट कळली असेल. माझी आई नाही कळली.”

शकुंतलाबाई पुस्तक हातात धरून उभ्या राहिल्या.

“नर्सचं शिकायला तिला सातारला बोलावणं आलं होतं. ती जायला तयार नव्हती. आजोबांनीच सांगितलं, ‘माझं मरण राखत बसलीस तर माझी लेक नव्हेस.’ म्हणून गेली ती.”

“परंतु प्रस्तुत संहितेच्या चौकटीत—” प्राध्यापकांनी सुरुवात केली.

“त्या चौकटीतच माझी आई अडकलीय, साहेब.”

लालासाहेबांनी घाईने तोडगा काढला. “नवी प्रत आणू काकू. ही टाकू रद्दीत.”

“रद्दीत नको. नवी आणा, ही मला द्या. यात तिला दोनदा घराबाहेर काढलंय. मी घरी नेते.”

मी वाईला आले. शकुंतलाबाईंची नात ऋचा सांगलीला असते. तिने तिथून एक धड प्रत मिळवली आणि रविवारी आजीपुढे बसून बारावा फर्मा मोठ्याने वाचला. कादंबरीकाराने शब्द पाळला होता. आजोबांचे ते वाक्य होते. त्यांनी यमूच्या पिशवीत घातलेला लाडूही होता; तो कादंबरीकाराला सांगायचा राहून गेला, असे शकुंतलाबाईंना वाटत होते.

“पुन्हा वाच गं,” त्या म्हणाल्या. ऋचाने पुन्हा वाचले. या एका पुनरावृत्तीला माझी हरकत नाही.

त्या पृष्ठांच्या प्रती काढून त्यांनी गावातल्या बांधणीकाराकडून माझ्यात शिवून घेतल्या. जास्तीचा फर्मा काढून टाकला. सातारच्या वाचनालयात आता नवी प्रत आहे. तिच्यात तो चक्राकार प्रयोग आढळत नाही, अशी प्राध्यापकांची तक्रार आहे.

माझ्या बहिणी तुमच्या गावच्या कपाटांत असतील. त्यांना घरी न्या, नाहीतर नेऊ नका. पण न वाचता त्यांची स्तुती करू नका. तो अपमान आम्हांला आमटीच्या पातेल्याहून अधिक भाजतो.

माझ्यापुरते सांगायचे तर यमू आता एकदाच घर सोडते. पान उलटले की अंथरुणातून हात हलवणारा तिचा बाप दिसतो.