उणे तीनशे बारा

विनार्तीबाईंनी लारासच्या हातावर हात ठेवून माऊस थांबवला.

"एवढी घाई कसली? त्रियोनोंचं पान राहू दे जरा."

"बाई, नियम सगळ्यांना सारखा. शून्याच्या खालची उत्तरं नव्या मंचावर झाकली जाणार. आणि यांचे गुण बघा, उणे तीनशे बारा! अख्ख्या जावा बेटात एवढा नावडता माणूस सापडायचा नाही."

"नावडता नव्हता. फटकळ होता."

लारास हसली. ती बाईंची शाळेतली जुनी विद्यार्थिनी. ऑर्किड लावणाऱ्यांचा हा वीस वर्षांचा चर्चामंच संध्याकाळपर्यंत नव्या रूपात आणायचं काम तिच्याकडे होतं.

बाईंना योग्याकार्तातलं, तासावर भाडं घेणारं इंटरनेटचं दुकान आठवलं. पानाचा फोटो वरून खाली एकेक पट्टी उमटत यायचा. रोगाचा डाग दिसेपर्यंत चहा निवायचा. उत्तरांना अधिक-उणे देण्याची पद्धत बाईंनीच ठरवली होती. अधिक सगळ्यांना दिसे, देणाऱ्याच्या नावासकट. उणे द्यायचं तर कारण लिहायलाच हवं, आणि ते फक्त उत्तर लिहिणाऱ्याला दिसे. वहीतली चूक वर्गासमोर वाचून दाखवायची नसते, असं बाईंचं म्हणणं.

मंचावर सगळेच गोड बोलत. "थोडं पाणी वाढवून पाहा," असं कुणीतरी लिही, त्याला भरभरून अधिक मिळे. मग त्रियोनो येत, ज्यांना सगळे आदरानं 'पाक' म्हणत: "पाण्यानंच मारलंय. कुजलेली मुळं काप." त्यांना उणे. एका वार्षिक मेळाव्यात बाईंनी त्यांची माफी मागितली होती, उण्याचं बटण काढूनच टाकते म्हणाल्या होत्या. "काढू नका," एवढंच बोलून ते बाकपियाची मिठाई खात राहिले. त्यांना जाऊन आता चार वर्षं झाली होती. आपल्या बटणानं या माणसाला आयुष्यभर टोचलं, हे बाईंच्या मनातून काही जात नव्हतं. आणि आता तर त्यांची उत्तरंही दिसेनाशी होणार होती.

"ती कारणं आहेत अजून?"

"आहेत. पण खासगी आहेत, बाई."

"एक उघड. दोष माझ्या माथी."

लारासनं उघडलं. वाचता वाचता ती पुढे झुकली.

'पाक, तुमचंच खरं होतं. मुळं कापली, आज कळी आली. उघडपणे अधिक दिलं असतं, तर पाणी वाढवायला सांगणाऱ्या हार्तिनीबाईंना वाईट वाटलं असतं. म्हणून उणे देऊन इथे लिहितोय.'

तिनं दुसरं उघडलं. 'उणे द्यावं लागलं, क्षमा असावी. झाड वाचलं.' तिसरं, चौथं, दहावं. सगळी तशीच.

"बाई, या तर शाबासक्या आहेत!"

बाई चष्मा काढून डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं बराच वेळ पुसत राहिल्या.

"सगळ्या उण्यांचं अधिक करून टाकू?" लारासनं हळूच विचारलं. "दोन मिनिटांचं काम आहे."

"नावांसकट? म्हणजे आज हार्तिनीला कळू दे, कोण काय म्हणालं ते? नको. काही झाकू नकोस, आकडे तसेच ठेव. जुन्या पानांवर फक्त क्रम उलटा कर. ज्या उत्तराला उणे जास्त, ते सगळ्यात वर."

"अहो बाई, लोक म्हणतील यंत्र बिघडलं."

"मनातल्या मनात म्हणतील," बाईंनी चष्मा पुन्हा चढवला. "तक्रार करणार आहे कोण?"